पांढऱ्या धोतराचा हिशेब

भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला धुणं टाळायला सबब मिळत नाही. मराठवाड्यातला माणूस आभाळाकडे बोट दाखवू शकतो, मुंबईतला नळाकडे. आमच्याकडे कुठेही बोट दाखवा, पाणीच. पलीकडे वैनगंगा, अलीकडे बोड्या नि तलाव, आणि उरलेल्या जागेत धानाच्या बांध्या, त्याही पावसाळाभर तुडुंब. या तलावांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. एवढं लांब नाव घ्यायला लोकांना वेळ नसल्यामुळे त्यांचे 'मामा तलाव' झाले. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन द्यायची रीत पाडली आणि कोहळी मंडळींनी धानासाठी शेकड्यांनी तलाव बांधले, असं इतिहास सांगतो. त्यात धुण्याचा उल्लेख नाही. पण तलावात पहिलं पाणी साठलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी पाळीवर एक बाई गाठोडं घेऊन आलेली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमचं कोंढा पवनी तालुक्यातलं. भंडाऱ्याहून पवनीला निघालं आणि अड्याळ मागे पडलं की येतं. मी सांगतोय तो काळ सत्तरच्या दशकातला. गावात माणसाची पत मोजायच्या तेव्हा दोन रीती होत्या. कोठीत धान किती, ही एक; आणि अंगावरचं धोतर किती पांढरं, ही दुसरी. धान दाराआड असायचं, धोतर रस्त्यानं चालायचं, त्यामुळे दुसरीच रीत जास्त चाले. आमच्या आबाजींचं धोतर पतवाल्या धोतरांत मोडायचं. ते पारावर जाऊन बसले की कोणीतरी म्हणायचंच, "धोतर पाहा आबाजीचं!" आणि आबाजी ते आपल्या स्वभावाचं कौतुक समजून मान डोलवायचे. त्यांनी जन्मात धोतर धुतलं नव्हतं. नेसणं आणि फेडणं एवढं त्यांच्याकडे. मधला सगळा कारभार आजीकडे.

हा कारभार चुलीपाशी सुरू व्हायचा. साबण होता, पण तो पाहुण्यांच्या आंघोळीसाठी ठेवलेला. कपड्यांना राख. आजीचा भरवसा बाभळीच्या राखेवर. ती चाळायची, पाण्यात कालवून रात्रभर निवळू द्यायची, वरचं नितळ पाणी सकाळी मोठ्या गंजात ओतायची, त्यात धोतर, पंचे, उशांचे अभ्रे घालून खाली जाळ करायची. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि गरम पाण्यात ते अंगाच्या तेलकट मळाशी मिळालं की थोडा साबणच तयार होतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं. म्हणजे आजी आबाजींच्याच मळाचा साबण करून तो त्यांच्याच धोतराला लावत होती. इतका काटकसरीचा कारखाना मी नंतर कुठे पाहिला नाही.

उकळलेले कपडे घेऊन मग तलावावर जायचं. अंगणात विहीर असताना बाया डोक्यावर गाठोडं घेऊन एवढ्या लांब का जातात, याचं उत्तर आबाजींच्या मते 'गप्पा मारायला' असं होतं. आजीचं उत्तर वेगळं होतं: ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात कपडाही निघत नाही. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ दोन लाकडं जास्त खायची. विहिरीचं पाणी जमिनीतले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं, त्यात साबण फेस धरत नाही, नुसता पांढरा साका धरतो. तलावातलं पाणी पावसाचं, हलकं. आजीला क्षार माहीत नव्हते, डाळ माहीत होती, आणि तेवढ्यावर ती बरोबर होती. अर्थात गप्पांबद्दल आबाजीही चुकत नव्हते.

कारण तलावाच्या काठी घराघराचं सगळं उघड व्हायचं. माणूस तोंड बंद ठेवू शकतो, गाठोडं ठेवू शकत नाही. कोणाकडे पाहुणे उतरलेत, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाच्या नवऱ्यानं रात्री चिखलात लोळण घेतली, हे सगळं दगडावर पसरलेलं असायचं. एक संवाद मला अजून आठवतो.

"अवो, हे बारकं झबलं कोनाचं वो?"

"नंदेच्या पोराचं."

"नंद कई आली?"

"आली नाई, आनली."

एवढंच. पुढे कोणी काही विचारलं नाही, आणि काही सांगायचं राहिलंही नाही. मोगरीचे चार फटके जरा जास्त जोरात पडले, त्यात नंदेच्या सासरच्या मंडळींचा हिशेब झाला. जे चावडीवर पंच बसवूनही निघत नसे, ते इथे एका झबल्यावर निघायचं.

आता या काठाबद्दल एवढं गोड बोललो, तर दुसरी बाजूही बोलली पाहिजे. काठ सगळ्यांना सारखा नव्हता. कोणत्या वस्तीनं कोणत्या अंगाला धुवायचं, कोणाचा दगड वर आणि कोणाचा खाली, हे ठरलेलं होतं, आणि ते पाण्याच्या उतारावरून ठरलेलं नव्हतं. मळ सगळ्यांचा सारखाच सुटतो आणि एकाच पाण्यात जातो, हे रोज डोळ्यांनी दिसत असूनही गावाला ते दिसायला फार वर्षं लागली.

धुण्यातलं खरं अवघड काम पिळण्याचं. धोतर एकटी बाई पिळू शकते. नऊवारी लुगडं ओलं झालं की एकटीला आवरत नाही, आणि वाकळ तर चौघींना नमवते. म्हणून पिळायला जोडी लागायची. आमच्याकडे ही जोडी आईची आणि काकूची. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. एकीनं उजवीकडे पीळ द्यायचा, दुसरीनं डावीकडे. जावा-जावांचं नातं समजून घ्यायला यापरतं दुसरं ठिकाण नाही. दोघींचं पटत असेल त्या दिवशी पिळता पिळता हसणं, बोलणं, आणि कपडे संध्याकाळपर्यंत दमट. भांडण झालं असेल त्या दिवशी दोघी ओठ मिटून असा पीळ द्यायच्या की लुगड्यात थेंब राहायचा नाही. आजीला हे पक्कं ठाऊक होतं. पावसाळी दिवसांत ती सुनांची भांडणं लगेच मिटवत नसे, असा माझा संशय आहे.

घरी आल्यावर नीळ. नीळ एका फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेली असायची. ती बादलीत हलकेच फिरवायची, पाण्याला नुसता भास आला की काढून घ्यायची. जुनं सुती कापड पिवळट होत जातं. त्यावर किंचित निळी छटा चढली की डोळा फसतो आणि कापड पांढरं दिसतं. म्हणजे पांढरेपणाचा शेवटचा टप्पा निव्वळ फसवणुकीचा असतो, आणि त्या फसवणुकीला हात सराईत लागतो. पुरचुंडी जास्त वेळ फिरली की धोतर आकाशी होतं. गावात एखादं आकाशी धोतर फिरताना दिसलं की लोक ओळखायचे, घरात सून नवी आहे.

निळीनंतर खळ. शहरात खळीसाठी साबुदाणा किंवा आरारूट लागतं म्हणे. आम्ही धानाच्या मुलखातले. आमच्याकडे खळ भातावरच तयार व्हायची. भात शिजत आला की वरची पेज काढायची. या पेजेवर घरात दोन दावेदार होते. एक आम्ही पोरं, कारण मीठ घातलेली गरम पेज ही आमची सकाळ होती. दुसरं आबाजींचं धोतर. धुण्याच्या दिवशी आम्ही वाट्या घेऊन चुलीपुढे रांगेत बसायचो आणि आजी पेजेचं पातेलं आमच्या डोक्यावरून उचलून बादलीकडे न्यायची. "आबाजीले अड्याळले जाचं हाय," एवढं कारण पुरे. त्या दिवशी आमचा वाटा धोतर प्यायचं आणि ताठ व्हायचं. आबाजी खाली बसताना आधी धोतराचा कडकड आवाज यायचा, मग आबाजी बसायचे. तिसरा दावेदार गोठ्यात होता. वलणीवरच्या धोतराला पेजेचा वास आला की वासरू दावं ताणून सोग्यापर्यंत पोचायचं. आमच्यात आणि वासरात फरक एवढाच, की त्याला हक्काचं मिळालं.

वाळवणाचे दोन ऋतू होते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. शेवटचं कापड वलणीवर टाकेपर्यंत पहिलं वाळून खडखडीत झालेलं असतं; काढायला उशीर झाला तर रंग उडतो. पावसाळ्यात उलटं. आषाढात रोवणी सुरू झाली की बाया दिवसभर बांधीत गुडघाभर चिखलात. संध्याकाळी एकेका लुगड्याबरोबर शेताचा तुकडाच घरी यायचा. तो पाटाच्या पाण्यात तिथेच खळबळून काढायचा, ओल्यानंच घरी यायचं, आणि सकाळी अर्धवट सुकलेलं तेच लुगडं पुन्हा नेसायचं. त्या दिवसांत घरात कुठेही डोकं वर केलं की काहीतरी ओलं कपाळाला लागायचं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांसाठी वेगळी युक्ती होती. टोपल्यात निखारे घ्यायचे, त्यावर थोडी राख भुरभुरायची, वरून कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं पालथं घालायचं आणि डाल्यावर दुपटी पसरायची. पाळी धरून कोणीतरी शेजारी बसलेलं असायचं. जरा लक्ष उडालं की दुपट्याला भोक. आमच्या घरात सगळ्यांत धाकट्या काकांच्या दुपट्यांना भोकं जास्त होती, कारण त्यांच्या वेळी राखण करणाऱ्या बहिणी जास्त होत्या.

इस्त्रीला आमच्याकडे तांब्या. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. दुसऱ्यांच्या घरी भंडाऱ्याचा तांब्या पाणी प्यायला असेल, आमच्याकडे त्याला दोन नोकऱ्या होत्या. निखारे भरायचे, फडक्यानं गळा धरायचा आणि जाड बूड धोतराच्या निऱ्यांवरून फिरवायचं. बूड आधी चिंचेनं घासून लख्ख केलेलं पाहिजे, नाहीतर एवढ्या कष्टाचं पांढरं धोतर काजळीनं जायचं. रोजच्या कपड्यांना एवढा मान नव्हता. ते घडी करून गादीखाली; रात्री आबाजी झोपले की आपोआप इस्त्री. तेवढा त्यांचा वाटा मान्य करायला हवा.

लग्नकार्यातले कपडे आणि जडशीळ चादरी मात्र वरठ्याकडे, म्हणजे परटाकडे जात. सुगीला त्याचं वर्षाचं धान ठरलेलं. त्याच्याकडे गावभरचे कपडे एका भट्टीत उकळायचे आणि तरी ज्याचं त्याच्या घरी परत यायचं, कारण प्रत्येक घराची खूण वेगळी: कोणाला दोन टिंबं, कोणाला एक टिंब नि आडवी रेघ. खूण बिब्ब्याची. बिब्ब्याचं काळं तेल कापडात एकदा मुरलं की राख, सोडा, ऊन, कशालाही हटत नाही. कापड विरतं, खूण विरत नाही. हाताच्या कातडीवर सांडलं तर फोड येतात, म्हणून तो सुईच्या टोकानं लावायचा. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसानं गावाची मोजदाद शिरगणतीपेक्षा नेमकी ठेवली होती. आपला विदर्भ गाडगेबाबांचा. शेंडगावात परटाच्या घरी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेला हा माणूस पुढे चिंध्यांचं वस्त्र पांघरून आणि हाती खराटा घेऊन गावोगाव फिरला. आमच्या आबाजींची पत मोजायची रीत त्यांना लावली असती तर ते नापास झाले असते. पांढऱ्या धोतरांची माणसं मात्र त्यांच्या कीर्तनात पुढे बसायला धडपडायची.

पुढे राख गेली, सोडा आला. मग पाचशे एकचा बार आला. तो दुकानात दोऱ्यानं कापून मिळायचा. सोड्यानं मळ लवकर निघायचा आणि हाताची सालंही. आजीचे हात मला त्या काळापासून नीट आठवतात. बोटांची टोकं पांढरी, आकसलेली. अंगठ्याच्या बेचक्यात भेग. धुण्याच्या दिवशी मिरची वाटायची तर ती पाटा आईकडे सरकवायची आणि कारण सांगायची नाही. रात्री दिव्याजवळ बसून जवसाचं तेल भेगांत भरायची. शेजारीच वलणीवर धोतर पांढरंशुभ्र लोंबत असायचं.

त्यानंतर पिवळी पावडर आली. गुजरात सरकारच्या नोकरीत असलेल्या करसनभाई पटेल नावाच्या रसायनतज्ज्ञानं १९६९ साली अहमदाबादेत घरच्या अंगणात ती बनवली, मुलीच्या नावावरून तिला निरमा म्हटलं आणि सायकलवरून घरोघर विकली. बड्या कंपनीची पावडर किलोला तेरा रुपयांच्या आसपास असताना ही तीनच्या घरात. आमच्या गावात ती पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. आजीला फेस पाहून आधी संशयच आला. एवढा फेस करणारी वस्तू काम कधी करणार, असं तिचं म्हणणं. पण पहिल्याच धुण्यात धोतर निघालं, आणि चुलीतली राख त्या दिवसापासून फक्त भांड्यांची झाली.

वॉशिंग मशीन घरात आलं तेव्हा आजी नव्हती. हॅन्स रॉसलिंग नावाच्या स्वीडिश प्राध्यापकानं २०१० सालच्या एका भाषणात आपल्या घरच्या पहिल्या मशीनची गोष्ट सांगितली होती. त्यांच्या आजीनं जन्मभर लाकडं पेटवून पाणी तापवून सात मुलांचे कपडे हातानं धुतले होते. मशीन आलं त्या दिवशी बटण मीच दाबणार म्हणाली, आणि मग पुढ्यात बसून कपडे फिरताना शेवटपर्यंत बघत राहिली. ते ऐकताना वाटलं, ही बाई कोंढ्याची असायला हरकत नव्हती. फक्त आमच्या आजीनं मधेच मशीन थांबवून सोग्याचा मळ निघाला का ते पाहिलं असतं.

मशीनची परीक्षा तिच्याऐवजी आईनं घेतली. सुरुवातीची कित्येक वर्षं ती कॉलर नि बाह्या आधी हातानं घासायची, मग कपडे मशीनमध्ये टाकायची. मळकट कपडा यंत्रासमोर नेणं तिला शोभत नव्हतं. लाइट गेली की मशीन पाण्यानं भरलेलं तसंच उभं, आणि आई पुन्हा दगडावर. लाइट नसलेल्या वेळी मशीनवर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी.

तलावावर आता कोणी जात नाही, आणि गेलं तर पाणी पाहून परत येईल. वैनगंगेची तर वेगळीच कथा. नागपूरचं सांडपाणी नाग नदीनं कन्हानला आणि कन्हाननं वैनगंगेला दिलं. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. आता त्या धरणात पाणी साठून राहतं, तेव्हा त्याबरोबर हेही साठतं. सगळ्या नागपूरचं धुणं आमच्या दारात येऊन पडलंय आणि ते पिळायला जोडी मिळत नाही.

मागे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी धुण्याच्या दगडाचा जुना फोटो टाकला. लगेच उमाळे सुरू झाले. एकानं लिहिलं, काय ते पाणी. दुसऱ्यानं, काय तो मोकळेपणा. तिसऱ्यानं, गेले ते दिवस. मी नावं पाहिली. सगळे पुरुष. यातला प्रत्येक जण त्या तलावात पोहायला गेलेला होता, धुवायला एकही नाही. तासाभरानं काकूंचा आवाजी निरोप आला. तीच काकू, आईच्या जोडीनं पीळ देणारी. निरोप एका वाक्याचा होता: "गेले थेच बरं झालं बापा, हात तरी वाचले."

त्या निरोपावर कोणी अंगठा दाखवला नाही.

मला वाटतं, हिशेब तिथे पुरा झाला. धुण्याच्या आठवणी रम्य असतात त्या काठावरून पाहणाऱ्याच्या. पेज, नीळ, डालं, तांब्या, सगळं मलाही गोड आठवतं, कारण मी वाटी घेऊन बसलेला पोरगा होतो. आबाजींच्या धोतराची पत आबाजींच्या खात्यावर जमा झाली. खर्च मात्र सगळा आजीच्या हातांच्या नावे पडला. मशीननं राख, मोगरी आणि पीळ घरातून काढला हे उत्तम झालं. पण कपडे गोळा कोण करतं, खिसे कोण तपासतं, बटण कोण दाबतं आणि वाळत कोण घालतं, हे बहुतेक घरांत अजून तेच आहे. आबाजी बदलले नाहीत. त्यांनी फक्त धोतर सोडून पँट घातली.

तेव्हा ज्यांना ज्यांना 'गेले ते दिवस' असं लिहावंसं वाटतं, त्यांना माझी एक विनंती आहे. लिहा, जरूर लिहा. पण येत्या रविवारी आधी घरचं मशीन आपण लावा आणि धुणं आपणच वाळत घाला. घालताना प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी नीट झटका, नाहीतर सुरकुत्या राहतात. आणि आता गादीखाली घडी ठेवायची सोय नाही.